‘काकू, तुम्ही फिट नाही, नुसत्या धावता!’

‘मॅडम, मी साताऱ्यात राहते, वय ४६, बँकेत नोकरी. पाच वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर सकाळी ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चालायला लागले, चालता चालता धावायला लागले. सातारा हिल हाफ मॅरेथॉन तीनदा पूर्ण केली आहे. आता आठवड्याला ५५ किलोमीटर होतात. येत्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायची म्हणून नावही नोंदवलंय.

गेल्या महिन्यात गॅस संपला. घरात मी आणि सासूबाईच होतो. भरलेला सिलिंडर मला बाल्कनीतून ओट्यापर्यंत आणता येईना. तेवढ्यात पुतण्या आला. तो पुण्यात जिममध्ये ट्रेनर आहे. त्याने सिलिंडर सहज उचलून ठेवला आणि म्हणाला, “काकू, तुम्ही फिट नाही, नुसत्या धावता. लांब धावण्याने स्नायू झिजतात, जास्त धावणं आणि अजिबात न धावणं सारखंच, असं संशोधन आहे.” सासूबाई म्हणतात, गुडघे जातील. माझ्या वडिलांची ५१ व्या वर्षी बायपास झाली, त्यामुळे मिस्टर मॅरेथॉनमध्ये कोसळलेल्या लोकांच्या बातम्या पाठवत असतात.

घाट उतरताना आणि जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीपाशी दुखतं, हे खरं आहे. वजन ४९ किलो. रविवारी लांब पल्ल्याला नुसता चहा घेऊन जाते, सोमवार आणि चतुर्थी धरते. बँकेच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आलं होतं. पाळी सात-आठ महिने अनियमित आहे, वयामुळे असेल. पण पहाटे घराबाहेर पडले की तेवढा दीड तास मी कुणाचीच कुणी नसते. तेवढं सोडून द्यायचं का? लांब धावणं तब्येतीला चांगलं की वाईट, ते एकदा स्पष्ट सांगा.’

ताई,

तुमचा प्रश्न धावण्याचा आहे, पण मी थांबले ते पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलेल्या आकड्यापाशी. हिमोग्लोबिन ९.८. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. एवढ्या कमी रक्तावर तुम्ही यवतेश्वरचा घाट चढताय, बँक सांभाळताय, घरचं बघताय, आणि वर ‘मी फिट आहे का’ म्हणून मलाच विचारताय. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन पुन्हा करून घ्या, सोबत फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉईड बघायला सांगा. पाळीचं आणि धावण्याचं, दोन्ही त्यांना सांगा. आणि तो रिपोर्ट हातात येऊन उपचार सुरू होईपर्यंत लांब पल्ला बंद. चाला, हवं तर हलकं धावा, पण रविवारचे २०-२२ किलोमीटर नकोत. बाकीचं सगळं यानंतर.

आता पुतण्याकडे येते. त्याचं बोलणं तुम्हाला लागलं, ते पत्रातून कळतंय. पाच वर्षं पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईला कुणी ‘तुम्ही फिट नाही’ म्हणालं तर लागणारच. पण त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं तुमच्या उपयोगाचं आहे.

मी २६ वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. पोलीस भरतीची जाहिरात आली की आमच्या मैदानावर मुलामुलींची गर्दी व्हायची. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. तालमीतून आलेला, रोज शेकड्याने जोर-बैठका काढणारा मुलगा गोळा लांब टाकायचा, पण १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीला त्याच्या छातीचा भाता व्हायचा. रोज गावाकडच्या रस्त्याला दहा किलोमीटर धावणारी पोरं १६०० मीटर हसत संपवायची आणि गोळा हातात घेतला की तो जेमतेम पुढ्यात पडायचा. १०० मीटरला तर दोघांची वेगळीच परीक्षा. दमसास, वेग आणि ताकद या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुस्तकाने शिकवण्याआधी त्या मैदानाने शिकवलं. एकीचा सराव केला म्हणून दुसरी आपोआप येत नाही. यात तोल आणि अंगाची लवचिकता मिळवा, म्हणजे फिटनेस या शब्दात काय काय येतं ते दिसेल.

तुम्ही यातली एक गोष्ट कमावलीत, दमसास. तो कमी मोलाचा नाही. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये प्राणवायू वापरण्याची क्षमता वाढते, रक्तदाब आणि साखर ताब्यात राहायला मदत होते. तुमचं हृदय आणि फुप्फुसं बहुधा तुमच्या वयाच्या पुष्कळ बायकांपेक्षा सुदृढ असतील. पण भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो उचलायला मांड्या, खुबे, पाठ आणि हाताची पकड लागते, आणि रस्त्यावरच्या ५५ किलोमीटरमध्ये पाठीला आणि हातांना जवळपास काहीच काम मिळत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली ललिता बाबर आठवा, माण तालुक्यातल्या मोहीची. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिने सलग तीनदा पहिला नंबर काढला. म्हणजे लांब धावण्यात तिला काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं. पुढे ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावून दहावी आली. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याच्या सात उड्या असतात. बायकांसाठी अडथळ्याची उंची ७६ सेंटिमीटर, आणि हर्डल्ससारखा तो पाय लागून पडत नाही, पक्का असतो. धापा टाकत असताना तो पस्तीस वेळा ओलांडायला नुसता दमसास पुरत नाही, पायात उडी लागते आणि उतरताना अंग सावरणारी ताकद लागते.

‘लांब धावण्याने स्नायू झिजतात’ हे पुतण्याचं वाक्य मात्र जसंच्या तसं घेऊ नका. पोटभर खाणाऱ्या आणि थोडी वजनं उचलणाऱ्या माणसाचे स्नायू धावण्याने झिजत नाहीत. झिजतात ते कमी खाऊन जास्त धावणाऱ्यांचे. तुमच्या बाबतीत तेच होतंय, अशी मला दाट शंका आहे. त्याकडे पुढे येते.

आणि त्याने सांगितलेलं ‘संशोधन’. हे कोपनहेगनमधलं असणार, २०१५ साली प्रसिद्ध झालेलं, तेव्हापासून दर वर्षी मोबाइलवर फिरतंय. निरोगी धावणाऱ्या सुमारे ११०० लोकांची माहिती त्यात होती. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण एक ते अडीच तास, सावकाश धावणाऱ्यांचं आयुर्मान सगळ्यात चांगलं दिसलं, आणि खूप, वेगाने धावणाऱ्यांचा मृत्युदर न धावणाऱ्यांपेक्षा फारसा वेगळा दिसला नाही. यावरून मथळे झाले. पण त्या ‘खूप धावणाऱ्या’ गटात माणसं होती अवघी ३६ आणि त्यांतले मृत्यू दोन. दोन मृत्यूंवरून कुणी जगाला नियम सांगू नये. त्याच अभ्यासातला पहिला भाग, थोडं आणि सावकाश धावण्याचा फायदा मोठा आहे, तो मात्र इतर ठिकाणीही दिसला आहे. अमेरिकेत डॅलसच्या केंद्रात ५५ हजारांवर लोकांचा सरासरी १५ वर्षं मागोवा घेतला गेला. धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी होतं, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं ४५ टक्क्यांनी. आणि दिवसाला पाच-दहा मिनिटं हळू धावणाऱ्यांनाही हा फायदा बऱ्यापैकी मिळालेला होता. जास्त धावून तो त्या प्रमाणात वाढत गेला नाही.

हे वाचताना मला केनेथ कूपर यांची आठवण होते. अमेरिकी हवाई दलातले हे डॉक्टर. १९६८ मध्ये त्यांनी ‘एरोबिक्स’ हा शब्द घराघरांत नेला, आमच्या शाळेतली बारा मिनिटं धावण्याची चाचणीही त्यांचीच. जगाला धावायला लावणाऱ्यांत त्यांचा वाटा फार मोठा. तेच कूपर पुढे म्हणाले की आठवड्याला १५ मैलांपेक्षा, म्हणजे साधारण २४ किलोमीटरपेक्षा जास्त कुणी धावत असेल तर तो फिटनेसपेक्षा दुसऱ्या कशासाठी तरी धावतो आहे. मला हे वाक्य फार प्रामाणिक वाटतं. तुम्ही ५५ धावता. म्हणजे वरचे ३० किलोमीटर तुम्ही तब्येतीसाठी धावत नाही.

मग कशासाठी? ते तुम्हीच लिहिलंय. ‘तेवढा दीड तास मी कुणाचीच कुणी नसते.’

ताई, हे वाक्य मी तीनदा वाचलं. पुतण्या, सासूबाई आणि मिस्टर या तिघांनाही तुम्ही पाच वर्षं एकच उत्तर देत आलात, ‘तब्येतीसाठी धावते.’ बाईला घराबाहेर एकटीने दीड तास काढायचा तर काहीतरी कारण द्यावं लागतं, आणि तब्येत हे कुणी नाही म्हणू शकणार नाही असं कारण आहे. म्हणून पुतण्याने ‘हे फिटनेस नव्हे’ म्हटल्यावर तुम्हाला वाटलं, आता तो दीड तासच हातातून जातो की काय. तो जात नाही. त्याला तब्येतीचा आधार लागत नाही. पहाटेच्या अंधारात, खाली गावातले दिवे आणि वर अजिंक्यतारा, अशा वेळी स्वतःबरोबर असावंसं वाटणं हे पुरेसं कारण आहे. कुणी गाणं शिकतं, कुणी वारीला जातं, त्यांना आपण ‘याने कोलेस्टेरॉल किती कमी झालं’ असं विचारत नाही. घरात एकदा सरळ सांगून बघा: ‘मला हे आवडतं, मला हा वेळ हवा आहे.’ मनात मोकळेपणा येईल, आणि मग तब्येतीचा हिशोबही स्वच्छपणे करता येईल. कारण एखाद्या गोष्टीवर प्रेम असेल तर तिच्यासाठी शरीर नीट ठेवावं लागतं. मॅरेथॉन तब्येत बनवून देत नाही, ती बनवलेली तब्येत मागते.

सासूबाईंच्या गुडघ्यांच्या काळजीचं लवकर सांगते. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांची झीज साडेतीन टक्के लोकांत आढळली, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे हौशी धावण्याने गुडघे ‘जातात’ हे खरं नाही, पण वाट्टेल तितकं धावा, असंही हे आकडे सांगत नाहीत. तुमचं दुखणं वाटीपाशी आहे आणि उतारावर आहे. हे बहुतेक वेळा मांडीच्या पुढच्या आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंच्या कमकुवतपणाचं लक्षण असतं. सातारा हिल हाफमध्ये जो घाट चढतो तोच उतरावा लागतो, आणि उतरताना प्रत्येक पावलाला मांडीला ब्रेकचं काम करावं लागतं. ब्रेक कच्चा असला की भार वाटीवर जातो. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा रात्री ठणकत असेल तर थेट हाडांच्या डॉक्टरांना.

मिस्टरांच्या भीतीला मी हलकं घेणार नाही, कारण तुमच्या वडिलांची बायपास ५१ व्या वर्षी झाली आहे.

जिम फिक्स नावाचे अमेरिकी गृहस्थ होते. पस्तिशीत वजन शंभर किलोच्या घरात, दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं. धावायला लागले, सिगारेट सुटली, वजन उतरलं. १९७७ मध्ये त्यांनी धावण्यावर लिहिलेलं पुस्तक अफाट खपलं आणि अमेरिकेतली माणसं ट्रॅक सूट घालून रस्त्यावर आली. जुलै १९८४ मध्ये, ५२ व्या वर्षी, रोजचं धावताना रस्त्यातच हृदयविकाराने ते गेले. ‘बघा, धावण्याने मेला’ असं तेव्हापासून म्हटलं जातं. पण त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते, आणि शवविच्छेदनात फिक्स यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आत पार अरुंद झालेल्या सापडल्या. धावण्याने कदाचित त्यांना काही वर्षं जास्त मिळाली असतील. पण धावण्याने घराण्यातून आलेला धोका पुसला गेला नाही. धावतो म्हणून मला काही होणार नाही, हा समज त्यांच्यासारख्यांना आणि तुमच्यासारख्यांना सगळ्यात महाग पडतो.

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमध्ये धावलेल्या १ कोटी ९ लाख लोकांची माहिती तपासली गेली. ५९ जणांचं हृदय बंद पडलं, म्हणजे सुमारे १ लाख ८४ हजारांत एकाचं. त्यात पुरुष जास्त, आणि फुल मॅरेथॉनमध्ये धोका हाफपेक्षा जवळपास चौपट. तरीही तो फार थोडा आहे, हे मिस्टरांना दाखवा. मात्र आपल्या दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हेही तितकंच खरं. म्हणून रक्तदाब, साखर, चरबीची तपासणी आणि ईसीजी करा, हृदयरोगतज्ज्ञांना वडिलांची हकिगत सांगा आणि स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) किंवा एको (हृदयाची सोनोग्राफी) करावी का, ते त्यांना ठरवू द्या. मिस्टरांना सोबत घेऊन जा. मोबाइलवरच्या बातम्यांऐवजी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचाही जीव खाली पडेल. धावताना छातीत दडपण, जबड्यात किंवा पाठीत कळ, चक्कर, किंवा नेहमीच्या वेगाला अचानक न झेपणारी धाप, यातलं काहीही झालं तर जिथे असाल तिथे थांबा. किलोमीटर पूर्ण करायचे नाहीत.

आता खाण्याचं. इथे मला तुमची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

साधा हिशोब करू. एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी लागते. ४९ किलो आणि ५५ किलोमीटर, म्हणजे आठवड्याला जवळपास २७०० कॅलरी. हे तुमचं दीड दिवसाचं जेवण झालं. ते ताटात जास्त आलं का? पत्रावरून तर उलटंच दिसतं. सोमवार, चतुर्थी, आणि रविवारी नुसत्या चहावर वीस किलोमीटर. साताऱ्याच्या शर्यतीचा सराव नेमका श्रावणाच्या आगेमागे असतो, म्हणजे सगळ्यात जास्त धावणं आणि सगळ्यात जास्त उपास एकाच महिन्यात. उपासाच्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं, दाण्याचं कूट तेवढं कामाचं. शरीराला पुरेसं मिळालं नाही की ते आधी गरजेचं नसलेलं खर्चणं बंद करतं. पाळी मागे पडते, हाडांची डागडुजी थांबते, स्नायू मोडून खाल्ले जातात, रक्त कमी होतं. तुमची पाळी वयामुळे अनियमित झाली असेलही, पण ४६ व्या वर्षी ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. पाळी जाण्याच्या सुमाराला बायकांची हाडं तशीही वेगाने विरळ होऊ लागतात. त्यात उपासमार नको.

देवाला मी मध्ये आणत नाही. पण लांब पल्ल्याच्या आदल्या आणि त्या दिवशी उपास नको, एवढं सासूबाईंशी बोलून ठरवा. मला वाटतं, त्या समजून घेतील. रविवारी निघण्याआधी केळं किंवा गूळ-पोळी, परत आल्यावर तासाभरात भरपेट खाणं, त्यात अंडी, दूध, पनीर किंवा उसळ यापैकी काहीतरी हवंच. रोजच्या दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, मांसाहार चालत असेल तर फारच चांगलं. लोहासाठी पालेभाज्या, अळिवाचे लाडू, आणि त्यावर लिंबू पिळा. चहा जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच नको, त्याने अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. पण ९.८ नुसत्या लाडवांनी भरून निघणार नाही. डॉक्टर गोळ्या देतील, त्या सांगितलेले दिवस पूर्ण घ्या.

आणि आता पुतण्याला फोन करा. त्याला म्हणा, ‘तू बोललास ते मला लागलं. आता तूच मला ताकद कमवायला शिकव.’ घरात ट्रेनर असताना फी भरून दुसरीकडे कशाला जायचं? तो पुण्यात आणि तुम्ही साताऱ्यात, तर महिन्यातून एकदा समोर बघेल, बाकी व्हिडिओ कॉलवर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं जोराचा किंवा १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि सोबत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पहिला भाग तुमचा केव्हाच पूर्ण होतो, दुसरा शून्य आहे.

त्याच्याकडून आधी वाकायला शिका. कंबर न वाकवता खुब्यातून खाली जाऊन जमिनीवरचं वजन उचलायचं, सिलिंडरचं उत्तर इथेच आहे. मग बैठका, सुरुवातीला खुर्चीवर बसून उठत. गुडघ्यासाठी एका पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरण्याचा सराव, मनात चार अंक मोजत, पण दुखत नाही इतक्याच उंचीवरून. पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. जोर काढायला थेट जमिनीवर जाऊ नका, आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, मग जमिनीवर. शेवटी दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन ताठ चालणं, आपल्या आज्या हंडे घेऊन जे करायच्या ते. मंगळवार आणि शुक्रवार, चाळीस-चाळीस मिनिटं पुष्कळ झाली. वजन असं निवडा की दहा वेळा उचलता येईल पण शेवटच्या दोनला दात-ओठ खावे लागतील. गुलाबी रंगाच्या एक किलोच्या डंबेल्सनी चाळीस वेळा हात हलवून काही होत नाही, हे पुतण्याही सांगेल. पहिले दोन आठवडे अंग दुखेल. त्या दिवसांत धावणं कमी करा, वजनं नको.

धावणं किती? रक्त सुधारेपर्यंत आठवड्याला तीन दिवस, २५ किलोमीटरच्या आत, आणि सगळं मैत्रिणीशी गप्पा मारता येतील अशा वेगाने. बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला, त्यासाठी घड्याळ लागत नाही. दीड तास मात्र पूर्ण घ्या. उरलेला वेळ चाला, चार भिंतीवर बसून राहा. तो वेळ तुमचा आहे, किलोमीटर कमी झाले म्हणून तो घराला परत करायचा नाही.

जानेवारीची मुंबई यंदा नको. पैसे भरलेत, मैत्रिणी जाणार आहेत, हे मला माहीत आहे, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. पण मुंबईची दमट हवा, चढत जाणारं ऊन, आणि परतीच्या वाटेवर पाय संपत आलेले असताना लागणारा पेडर रोडचा चढ, हे कमी रक्ताने आणि कच्च्या मांड्यांनी ४२.१९५ किलोमीटर करायची जागा नाही. मैत्रिणींबरोबर जा, रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्यांना आवाज द्या. हिमोग्लोबिन १२ च्या वर जाऊन दोन-तीन महिने तिथे राहिलं, गुडघा जिना उतरताना गप्प राहिला आणि हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटलं, की पुढच्या सातारा हिल हाफला उभ्या राहा आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत मुंबईला. तेव्हा तुमचं वय असेल ४७. फुल मॅरेथॉन पहिल्यांदा करायला ते अजिबात उशिराचं वय नाही.

रक्ताचे रिपोर्ट आले की मला कळवा. पुतण्याने पहिल्या दिवशी किती किलो उचलायला दिले, तेही लिहा.